कशावर बघणार?

"सगळं लागतंय बघा. हळद लागती, मारुतीला गेलेलं लागतंय, मंगलाष्टका लागत्यात. फक्त अक्षता पडायच्या टायमाला अडकतंय."

2008 सालचा मे महिना. समोर उभ्या असलेल्या गृहस्थांच्या हातात फडक्यात गुंडाळलेली डीव्हीडी होती. त्यांच्या मुलीचं लग्न आदल्या उन्हाळ्यात आमच्याच भागातल्या एका गावात झालं होतं. शूटिंग आमचं, मिक्सिंग माझं. हे मामा कोइमतूरला गलाईच्या धंद्यात. आमच्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली शेकडो घरं अशी सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत. लग्न आणि गावची यात्रा यासाठी ती मे महिन्यात येतात आणि आठ-पंधरा दिवसांत परततात. हे मामाही लग्न आटपून चौथ्या दिवशी गेले होते, ते आता उगवले. मधलं वर्षभर ती डिस्क कोइमतूरला पाहुण्यांसमोर लागत होती आणि अक्षतांपाशी येऊन थांबत होती.

मी दुकानातल्या प्लेअरवर लावली, सुरळीत चालली. कॉम्प्युटरवर लावली, तिथेही चालली. मग शेकडो गिऱ्हाइकांना आजवर ऐकवलेलं वाक्य मी त्यांनाही ऐकवलं, "मामा, तुमच्या प्लेअरची लेन्स खराब झाली असेल, साफ करून घ्या."

ते शांतपणे म्हणाले, "लेन्स खराब असती तर पिच्चरच्या डीव्हीड्या कशा लागल्या असत्या?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या भावाकडे गावात तसाच प्लेअर होता, दोघांनी एकदमच घेतलेला. संध्याकाळी मी मोटारसायकल काढून त्यांच्या घरी गेलो. सोप्यात टीव्ही, त्याच्यासमोर घोंगडीवर मामांची आई बसलेली. डिस्क लावली. मंगलाष्टका सुरू झाल्या. शेवटचं मंगलाष्टक आलं तशी म्हातारी म्हणाली, "आता थांबतंय बघ." आणि थांबलं. पडदाभर चौकोन चौकोन झाले, आवाज तुटला, पाच-सहा सेकंद चित्र गोठलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा नवरा-नवरी एकमेकांना हार घालून मोकळी झाली होती. नातीच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या त्या बाईने पडद्यावर एकदाही पाहिल्या नव्हत्या. लग्नातही पाहिल्या नसाव्यात, कारण अक्षतांच्या वेळी म्हाताऱ्या बायका मागे कुठेतरी असतात, पुढे सगळी गर्दी.

त्या रात्री मी दुकानात बसून माझं सगळं काम नव्याने तपासलं. डीव्हीडीतलं चित्र एमपीईजी-2 पद्धतीने दाबून बसवलेलं असतं. त्यातली मुख्य युक्ती अशी, की चित्रात जे हलत नाही ते पुन्हा पुन्हा लिहायचं नाही. भटजी मंगलाष्टका म्हणत असतात तेव्हा आंतरपाट स्थिर, नवरा-नवरी स्थिर, मागचा पडदा स्थिर, म्हणून थोडक्या माहितीत भागतं. अक्षता पडल्या की पडदाभर तांदळाचे दाणे, प्रत्येक दाण्याची दिशा वेगळी, वर फोटोग्राफरचे फ्लॅश, शेकडो हात. कुठलंच चित्र आधीच्या चित्रासारखं राहत नाही, आणि दर सेकंदाला लागणारी माहिती एकदम वर चढते. मी चित्राची कमाल मर्यादा 8,500 किलोबिट ठेवली होती. आवाज चांगला राहावा म्हणून तो न दाबता पीसीएममध्येच ठेवला होता, त्याचे 1,536. बेरीज 10,036. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे सगळं मिळून 10,080 पर्यंत चालतं. नियमाने माझं काही चुकलं नव्हतं.

पण सिनेमाची डिस्क कारखान्यात ठसा मारून निघते आणि तिच्यावरून लेसरचा उजेड चांगला परततो. आम्ही राइट केलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो, त्यावरून उजेड कमी परततो. स्वस्त प्लेअर ती वाचताना अडखळतो, तोच भाग दोन-तीनदा वाचतो. माहिती कमी असेल तिथे त्याला तेवढी उसंत मिळते. अक्षतांपाशी मिळत नाही. त्याच्याजवळचा साठा संपतो आणि चित्र गोठतं. शिवाय लग्नसराईत वेळ वाचवायला मी 16 एक्सच्या वेगाने राइट करत होतो.

दुसऱ्या दिवशी कमाल मर्यादा 6,500 वर आणली, आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये 224 वर, राइटिंग 4 एक्सने. डिस्क घेऊन पुन्हा त्या गावी गेलो. म्हातारी तशीच बसली होती. अक्षता पडल्या.

घरी परतताना एकच गोष्ट डोक्यात होती. वर्षभरात मी अशा किती डिस्क दिल्या असतील आणि त्यातल्या किती जणांना लेन्स साफ करायला लावलं असेल?

मी या धंद्यात आलो 2001 मध्ये, व्हीएचएसच्या काळात. तेव्हा हा प्रश्न नव्हता. तीन तासांची कॅसेट दिली की कुठल्याही व्हीसीआरमध्ये लागायची. फार तर ट्रॅकिंगचं बटण फिरवावं लागायचं. मग व्हीसीडी आली आणि तिनेही फारसा त्रास दिला नाही. व्हीसीडीचे नियम 1993 मध्ये ठरले होते आणि ते कडक होते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्र 352 बाय 288, सेकंदाला 25, चित्राला 1,150 किलोबिट, आवाजाला 224. याच्या वर नाही, खाली नाही. एका डिस्कवर सव्वा तास बसायचा, तीन तासांच्या लग्नाला तीन सीड्या. आम्ही त्या काळी व्हीसीडीला नावं ठेवायचो, चित्र धुरकट दिसतं म्हणायचो. आज माझं मत वेगळं आहे. करणाऱ्याला निवड करायला जागाच ठेवली नव्हती, म्हणून ती घराघरांत चालली. पुढे जसजसे पर्याय वाढले, तसतसे चुकायचे रस्ते वाढले.

व्हीसीडीतही एक खोच होती. सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरमध्ये फक्त डीव्हीडीचा लाल लेसर असायचा. राइट केलेल्या सीडीचा रंग त्या उजेडाला दाद देत नाही, तिला सीडीचा जुना लेसर लागतो. माझ्या एका गिऱ्हाइकाने परदेशातून भारी प्लेअर आणला होता. त्यावर आमची व्हीसीडी दिसायचीच नाही, नुसतं 'नो डिस्क'. शेजाऱ्याच्या दीड हजाराच्या प्लेअरवर तीच डिस्क पहिल्या फटक्यात लागायची. गिऱ्हाईक माझ्यावर चिडलं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. महाग यंत्र म्हणजे सगळं चालवणारं यंत्र ही समजूत माझीही होती. ती तिथे मोडली.

2007 च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीने सिनेमांच्या व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना काढल्या. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या भागात प्लेअर नाही असं घर विरळा राहिलं. यंत्रमागावरच्या कामगाराकडे प्लेअर, शेतावरच्या वस्तीवर प्लेअर. माझं काम वाढलं आणि तक्रारीही वाढल्या, कारण आता माझी डिस्क कुठल्या यंत्रात जाणार ते मला कळायचा मार्ग राहिला नव्हता.

मामांच्या त्या डिस्कनंतर मी एक काम केलं, आणि माझ्या धंद्यात मी केलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट असं मी आजही मानतो. भंगारवाल्याकडून आणि रिपेअरवाल्याकडून मी बंद पडलेले प्लेअर विकत घेतले, दुरुस्त केले आणि दुकानातल्या एका फळीवर ओळीने मांडले. पुढे ते सात झाले. प्रत्येकाचं झाकण उघडून पाहिलं. वरची नावं सात, पण आत चिपा तीन-चार कंपन्यांच्याच. मीडियाटेकची सगळ्यात जास्त, मग ईएसएस, सनप्लस, झोरान. तेव्हा उमगलं की डिस्क कशावर चालेल हे खोक्यावरच्या नावावरून ठरत नाही, आतल्या चिपवरून आणि तिच्यात भरलेल्या प्रोग्रॅमवरून ठरतं. एकाच नावाचे दोन प्लेअर वेगळे वागायचे, कारण वर्षभराने कंपनीने आतली चिप बदललेली असायची.

त्या सातांत एक फार नखरेल होता. डिस्कवर बोटाचा ठसा असला तरी खालीवर व्हायचा, 'डीव्हीडी प्लस आर' जातीची डिस्क म्हटलं की रुसायचा. इतर सहांवर काहीही लागो, या सातव्यावर पूर्ण लागल्याशिवाय डिस्क गिऱ्हाइकाला द्यायची नाही असा नियम केला. पूर्ण म्हणजे सुरुवातीची पाच मिनिटं नाही. मेनूतून प्रत्येक भाग उघडायचा आणि अक्षतांचा, वरातीचा, फटाक्यांचा भाग सलग बघायचा. लग्नसराईत हे जड जायचं, दुकानातली पोरं कुरकुरायची. पण परत येणाऱ्या डिस्क त्या मोसमात अगदी थोड्या राहिल्या.

पावती पुस्तकात नवा रकाना छापून घेतला तो त्याच वर्षी. गिऱ्हाइकाचं नाव, गाव, फोन, ॲडव्हान्स आणि खाली 'कशावर बघणार?' पहिल्यांदा लोक नुसते बघत राहायचे. "टीव्हीवर की!" टीव्हीला जोडलंय काय? प्लेअर जुना की नवा? पेनड्राइव्हची खाच आहे? गाव इथलंच की बाहेरचं? बाहेरचं म्हणजे देशातलं की परदेशातलं?

हा शेवटचा प्रश्न मला न्यू जर्सीच्या एका डिस्कने शिकवला. साखरपुडा गावी झाला, मुलगा तिकडे कामाला. डीव्हीडी कुरिअरने गेली आणि आठ दिवसांनी फोन आला की टीव्हीवर काहीच दिसत नाही. मी म्हणालो, तो रीजन कोडचा प्रश्न असेल, आपला रीजन 5, त्यांचा 1. तेव्हा ऐकीव माहितीवर बोलायची सवय होती. घरी केलेल्या डिस्कला रीजन लावलेलाच नसतो, तो सिनेमा कंपन्या लावतात. खरं कारण साधं होतं. आपण पाल पद्धतीत काम करतो, सेकंदाला 25 चित्रं, प्रत्येकात 576 ओळी. अमेरिकेत एनटीएससी, सेकंदाला जवळजवळ 30 चित्रं आणि 480 ओळी. आपल्याकडचे स्वस्त प्लेअर दोन्ही पद्धती घेतात, तिकडचे बरेचसे फक्त त्यांचीच. मी एनटीएससी करून दुसरी डिस्क पाठवली. ती लागली, पण माणसं चालताना हिसके देत होती. 25 चित्रांतून 30 काढायची म्हणजे काही चित्रं दोनदा दाखवावी लागतात. मुलीच्या आजोबांची लगबग तिकडे कोणी तरी मागून ढकलतंय अशी दिसत होती. पुढे मी परदेशात जाणाऱ्यांना दोन डिस्क द्यायला लागलो, एनटीएससीची टीव्हीसाठी आणि पालची कॉम्प्युटरसाठी. कॉम्प्युटरला ही भानगड नसते.

प्लस आर आणि मायनस आरची भांडणं, फायनलाइज न झालेल्या डिस्क, यांवर फार लिहीत नाही. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना ते पाठ आहे. एवढंच सांगतो, की भारनियमनाच्या काळात आमच्याकडे दिवसातले कित्येक तास वीज नसायची. तीन तासांचं लग्न डीव्हीडीत बसवायला कॉम्प्युटर रात्रभर चालायचा आणि पहाटे चारला वीज गेली की सगळं पहिल्यापासून. बॅटरी घेतली तेव्हा घरात आधी मिक्सर घ्यायचा ठरला होता, तो पुढच्या वर्षावर गेला. बायकोने कधी बोलून दाखवलं नाही.

मग प्लेअरला पेनड्राइव्हची खाच आली आणि खोक्यांवर डिव्हएक्स, एमपीईजी-4 अशी चिठ्ठी चिकटून यायला लागली. दुकानात रोज तोच संवाद.

"दादा, एव्हीआय आहे म्हणून दिली, तरी लागंना."

"आत काय आहे त्याच्यावर आहे काकू."

"आत? आत लग्नच आहे की."

एव्हीआय, एमपी4, एमकेव्ही ही नावं डब्याची असतात, हे समजावायला मला स्वयंपाकघरातल्या फडताळाचा आधार घ्यावा लागला. डब्यावर डाळ लिहिलेलं असतं, आत तूर आहे की मसूर हे झाकण काढल्यावरच कळतं. एव्हीआयच्या डब्यात डिव्हएक्सही असतं, एक्सव्हिडही, अगदी कॅमेऱ्याच्या कॅसेटवरचं, कमी दाबलेलं डीव्हीसुद्धा, जे तासाला 13 जीबी खातं. प्लेअर डबा ओळखतो, झाकण उघडतो आणि आतलं पचत नसेल तर 'अनसपोर्टेड' म्हणून परत करतो. कित्येक जण फाइलचं नाव बदलून आणायचे, एव्हीआयचं एमपीजी करून. चिठ्ठी बदलली म्हणून आतली डाळ बदलत नाही.

आणि डाळ तीच असली तरी कशी शिजवली त्यालाही महत्त्व असतं. हे मी एका शाळेच्या स्नेहसंमेलनात शिकलो, चाळीस पालकांच्या खर्चाने. पालकांना स्वस्तात हवं होतं, म्हणून मी पूर्ण कार्यक्रम एक्सव्हिडमध्ये दाबून 700 एमबीच्या एकाच सीडीवर बसवला. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये क्यूपेल आणि जीएमसी अशा दोन चौकटी होत्या. त्या लावल्या की तेवढ्याच जागेत चित्र चांगलं येतं असं वाचलं होतं, म्हणून दोन्हींवर खूण केली. कॉम्प्युटरवर चित्र खरंच छान दिसत होतं. नखरेल प्लेअरला एव्हीआय कळत नव्हता, म्हणून त्या दिवशी फळीवरची तपासणी केलीच नाही. चाळीस सीड्या वाटल्या. दोन दिवसांत तीसएक परत आल्या. कुणाच्या प्लेअरने सरळ नकार दिला होता. कुणाच्या घरी चित्र लागत होतं, पण कॅमेरा जरा वळला की नाचणाऱ्या पोरांचे चेहरे ओल्या रंगावरून बोट फिरवल्यासारखे ओघळत होते. त्या दोन करामती कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला जमत होत्या, बहुतेक प्लेअरमधल्या चिपांना नाही. मी चाळीसच्या चाळीस पुन्हा केल्या, पदरच्या पैशांनी, आणि त्याच दिवशी एव्हीआय घेणारे दोन प्लेअर फळीवर आणून ठेवले. एक गोष्ट मात्र भरून देता आली नाही. एका मुलाचं कुटुंब त्या आठवड्यात बदली होऊन गेलं होतं. त्यांची सीडी कधी परत आलीच नाही.

खोक्यावरच्या 'एमपीईजी-4' या चिठ्ठीने पुढे आणखी घोटाळा केला. त्या नावाखाली दोन वेगळ्या पद्धती आहेत. जुनी, जिच्यात डिव्हएक्स आणि एक्सव्हिड येतात, आणि 2003 मध्ये आलेली नवी, जिला आपण एच.264 म्हणतो. जुन्या प्लेअरवरची चिठ्ठी जुन्या पद्धतीबद्दल बोलत होती. 2010 नंतर कॅमेरे आणि मोबाइल नव्या पद्धतीत सर्रास शूट करायला लागले. लोक मोबाइलमधली एमपी4 फाइल पेनड्राइव्हवर घेऊन प्लेअरला लावायचे आणि खोक्यावर बोट ठेवून मला विचारायचे, इथे लिहिलंय ना? लिहिलेलं होतं. गिऱ्हाइकाला यातलं काही कळायला हवं ही अपेक्षाच चुकीची आहे. खोकं बनवणाऱ्यांनी एक ओळ जास्त छापली असती तर लाखो लोकांचा हेलपाटा वाचला असता, असं मला तेव्हाही वाटायचं, आताही वाटतं.

पेनड्राइव्हने तर साध्या साध्या गोष्टींनी जेरीस आणलं. फॅट 32 पद्धतीच्या पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. म्हणून कुणीतरी हुशारीने तो एनटीएफएस करून द्यायचा, फाइल बसायची आणि प्लेअरला पेनड्राइव्हच दिसायचा नाही. फाइलचं नाव मराठीत दिलं की पडद्यावर नुसते चौकोन. इंग्रजीत हळद, लग्न, साखरपुडा, वरात अशी नावं दिली की अक्षरांच्या क्रमाने आधी हळद, मग लग्न, त्यानंतर साखरपुडा. आकडे घातले तर एक, दहा, अकरा आणि मग दोन. शेवटी 01, 02 असे दोन आकडी क्रमांक, त्यापुढे साधं इंग्रजी नाव, एकही भाग 4 जीबीच्या वर नाही, आणि पेनड्राइव्ह रिकामा करून क्रमानेच कॉपी करायचं अशी शिस्त लावली. कारण काही प्लेअर नावाचा क्रम बघतच नाहीत, ज्या क्रमाने फाइल आत गेली त्याच क्रमाने दाखवतात.

आता चित्र उलटं झालं आहे. यंत्र दणकट, फाइल नखरेल. नवरदेवाचे मित्र फोनवर एच.265 मध्ये 4केचं शूटिंग करून आणून देतात, ते जुन्या टीव्हीला उलगडत नाही. चित्र दिसतं पण आवाज येत नाही ही तक्रार तर आठवड्याला एकदा असतेच. चित्राची पद्धत टीव्हीला कळते, आवाजाची डीटीएस असते, ती त्या टीव्हीत नसते. माझा रकाना अजून तोच आहे आणि मी अजून 1080ची एच.264, एएसी आवाज, एमपी4चा डबा हेच देतो. तरुण पोरं म्हणतात, हे जुनं झालं. झालं असेल. पण ते आजोळच्या टीव्हीवरही लागतं आणि मुंबईच्या फ्लॅटमध्येही लागतं.

मागच्या दिवाळीत एक मुलगी आली. तिशीची, सोबत आई. बापाला जाऊन काही महिने झाले होते. फोटो होते, पण चालता-बोलता बाप फक्त एकाच ठिकाणी होता, मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या डीव्हीडीत. ती डीव्हीडी मीच केली होती, 2006 ची. वर नवरा-नवरीच्या फोटोचं कागदी स्टिकर होतं. त्या काळी मी सगळ्यांवर चिकटवायचो, छान दिसायचं. कागद आणि गोंद यांनी डिस्क हळूहळू वाकते आणि फिरताना डगमगते, हे मला नंतर कळलं. एकाही प्लेअरवर ती लागली नाही. तीन वेगवेगळे ड्राइव्ह लावून, एकेक खराब जागा पुन्हा पुन्हा वाचत दोन रात्रींत जेवढं निघालं तेवढं काढलं. डिस्कच्या बाहेरच्या कडेचा भाग गेला होता, म्हणजे शेवटची अकरा मिनिटं. शेवटी पाठवणी असते. बापाने लेकीला जवळ घेतलेलं त्या अकरा मिनिटांत होतं.

तिने विचारलं, "मूळ कॅसेट असेल ना तुमच्याकडे?"

नव्हती. मिनी डीव्हीच्या कॅसेट महाग पडायच्या म्हणून आम्ही त्याच पुसून पुढच्या लग्नाला वापरायचो. सगळेच वापरायचे. तिला मी तसंच सांगितलं. कन्यादानाचा, पंगतीचा, बापाने पाहुण्यांना हात जोडलेला भाग निघाला होता. आईने तो दुकानातच उभ्याने पाहिला. पैसे मी घेतले नाहीत.

म्हणून वाचणाऱ्याला विनंती. कपाटात, ट्रंकेत, फोटोंच्या अल्बमच्या मागच्या खिशात लग्नाची, मुंजीची, बारशाची डिस्क असेल तर या आठवड्यात काढा. स्टिकर असेल तर ते ओढून काढू नका, सीडीचा तर त्यासोबत वरचा थरच निघतो. डीव्हीडी असेल तर आतला व्हिडिओ_टीएस नावाचा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा कॉम्प्युटरवर उतरवा, व्हीसीडी असेल तर एमपीईजीएव्हीमधली .डॅट फाइल. ते मूळ तसंच ठेवा, वेगळ्या दोन ठिकाणी. बघायला सोयीची एमपी4 त्यावरून वेगळी करून घ्या, आणि ती मूळ प्रत आहे असं समजून मूळ पुसू नका. उतरवल्यावर शेवटपर्यंत लावून बघा, पाठवणीपर्यंत. नव्या लॅपटॉपना डिस्क घालायची जागाच नसते आणि गावातले रिपेअरवाले आता प्लेअर हातात घेत नाहीत. माझ्या दुकानात आज तीन डीव्हीडी ड्राइव्ह आहेत, त्यांतले दोन चालू आहेत.